कॉन्फिगरेशन प्रकारांचा विस्तार (जावा वेब फ्रेमवर्क)

जावा वेब फ्रेमवर्कमधील कॉन्फिगरेशन प्रकारांचा विस्तार म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या वेब उपयोजनाच्या (ॲप्लिकेशनच्या) कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजेच संरूपणात, फ्रेमवर्कने मुळात न पुरवलेले नवे प्रकार जोडण्याची प्रक्रिया होय. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये लिहिलेली प्रत्येक गोष्ट प्रथमतः केवळ मजकूर असते. त्या मजकुराचे संख्या, कालावधी, दिनांक, दर, पत्ता अशा अर्थपूर्ण प्रकारांत रूपांतर करण्याचे काम फ्रेमवर्क करते. नेहमीच्या प्रकारांसाठी ही सोय तयार असते. उपयोजनाला स्वतःच्या क्षेत्रातील संकल्पना कॉन्फिगरेशनमध्ये मांडायच्या असतील, तर ही सोय वाढवावी लागते.

स्ट्रट्स, स्प्रिंग, स्प्रिंग बूट, ड्रॉपविझार्ड, क्वार्कस इत्यादी फ्रेमवर्कनी अशा विस्तारासाठी निरनिराळ्या पद्धती दिल्या आहेत. त्या सर्वांमागील हेतू एकच आहे. चुकीचे मूल्य उपयोजन सुरू होतानाच पकडले जावे आणि ते कामकाजाच्या मध्यभागी, वापरकर्त्याचे नुकसान झाल्यानंतर उघडकीस येऊ नये, असा तो हेतू होय.

## स्वरूप आणि गरज

वेब उपयोजनाचा आज्ञासंच एकदा तयार झाल्यावर वारंवार बदलणे इष्ट नसते. परंतु डेटाबेसचा पत्ता, पोर्ट क्रमांक, प्रतीक्षेची मुदत, दर, सवलती या गोष्टी ठिकाणानुसार व काळानुसार बदलतात. म्हणून त्या आज्ञासंचाबाहेर, कॉन्फिगरेशनमध्ये ठेवल्या जातात. जावामध्ये यासाठी प्रॉपर्टीज, एक्सएमएल आणि यामल या स्वरूपांतील फाइली प्रामुख्याने वापरल्या जातात. त्याखेरीज संगणक-प्रणालीतील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि उपयोजन सुरू करताना दिलेल्या आज्ञा यांतूनही मूल्ये घेता येतात.

ही गरज एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव हा धानपिकाचा तालुका आहे. तेथील धान खरेदीच्या नोंदी ठेवणारे एखादे वेब उपयोजन आहे असे मानल्यास त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये किमान तीन गोष्टी लागतील: धानाचा हमीभाव, पोत्याचे प्रमाणित वजन आणि खरेदी केंद्राचे ठिकाण. सर्वसाधारण धानाचा हमीभाव २०२३-२४ च्या खरीप हंगामासाठी प्रति क्विंटल २१८३ रुपये होता. २०२४-२५ साठी तो २३०० रुपये झाला. 'अ' दर्जाच्या धानासाठी हेच भाव अनुक्रमे २२०३ आणि २३२० रुपये होते.

कॉन्फिगरेशनमध्ये 'हमीभाव = २३००' एवढेच लिहिले, तर ही संख्या क्विंटलची की किलोची, कोणत्या हंगामाची आणि कोणत्या दर्जाची हे फाइलमधून कळत नाही. पोत्याचे वजन ४० किलो धरल्यास २३०० रुपये क्विंटल दराने एका पोत्याचे ९२० रुपये होतात. जुना २१८३ हा आकडा चुकून तसाच राहिला, तर एका पोत्याचे ८७३ रुपये २० पैसे होतील. पन्नास पोती, म्हणजे २० क्विंटल धान विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबात २३४० रुपयांची तूट येईल. येथे संगणकाच्या दृष्टीने कोणतीही चूक झालेली नाही; २१८३ ही संख्या पूर्णपणे ग्राह्य आहे. उणीव आहे ती प्रकाराची. 'संख्या' या प्रकाराऐवजी रक्कम, वजनाचे एकक, दर्जा आणि हंगाम हे घटक असलेला 'दर' हा प्रकार कॉन्फिगरेशनला माहीत असता, तर चालू हंगामाशी न जुळणारी नोंद उपयोजन सुरू होतानाच नाकारता आली असती.

एककांविषयीची संदिग्धता इतर क्षेत्रांतही महाग ठरली आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. एका संगणक-प्रणालीने दिलेले आकडे पौंड-बल-सेकंद या एककात होते आणि दुसऱ्या प्रणालीने ते न्यूटन-सेकंद मानले, हे त्याचे कारण होते. ही घटना जावाशी संबंधित नाही. मात्र एककाविना लिहिलेली संख्या अपुरी असते, हे तिच्यावरून दिसते.

## इतिहास

### प्रॉपर्टी एडिटर

सन मायक्रोसिस्टिम्सने जावा १९९५ मध्ये जाहीर केली. त्यानंतर आलेल्या जावाबीन्स या विनिर्देशात 'प्रॉपर्टी एडिटर' ही संकल्पना होती. चित्रमय साधनांमध्ये वापरकर्त्याने टंकित केलेल्या मजकुराचे ऑब्जेक्टमध्ये आणि ऑब्जेक्टचे पुन्हा मजकुरात रूपांतर करणे हे तिचे मूळ काम होते. पुढे वेब फ्रेमवर्कनी कॉन्फिगरेशन वाचण्यासाठी याच साधनाचा उपयोग केला. प्रॉपर्टी एडिटर चालू मूल्य स्वतःमध्ये साठवून ठेवतो. त्यामुळे एकाच वेळी अनेक थ्रेडनी तोच एडिटर वापरणे सुरक्षित नसते. एकाच क्षणी अनेक विनंत्या हाताळणाऱ्या वेब सर्व्हरसाठी ही मोठी अडचण होती.

### स्ट्रट्स

क्रेग मॅक्लनाहन यांनी तयार केलेले स्ट्रट्स हे फ्रेमवर्क २००० मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आले. त्याचे कॉन्फिगरेशन एका एक्सएमएल फाइलमध्ये असे. कोणत्या वेब पत्त्यासाठी कोणता क्लास काम करील, हे त्या फाइलमधील 'ॲक्शन' या घटकात लिहिले जाई. प्रत्येक घटकाची माहिती धारण करणारा एक कॉन्फिगरेशन क्लास फ्रेमवर्कमध्ये असे.

या घटकाला 'क्लासनेम' हा गुणधर्म देऊन मूळ कॉन्फिगरेशन क्लासच्या जागी विकासकाने लिहिलेला उपक्लास वापरता येत असे. त्या उपक्लासमधील जादा गुणधर्मांची मूल्ये 'सेट-प्रॉपर्टी' या घटकाने भरली जात. उदाहरणार्थ, एखादी कृती केवळ खरेदीच्या हंगामातच उपलब्ध असावी असा नियम असल्यास त्यासाठीचा गुणधर्म उपक्लासमध्ये घालून तो फाइलमधून भरता येई. १.३ या आवृत्तीत एका घटकाने दुसऱ्या घटकाचे कॉन्फिगरेशन वारशाने घेण्यासाठी 'एक्सटेंड्स' हा गुणधर्मही आला. स्ट्रट्स १ चा आधार संपल्याची घोषणा एप्रिल २०१३ मध्ये करण्यात आली. मात्र कॉन्फिगरेशनचा क्लासच बदलू देण्याची त्याची कल्पना पुढील फ्रेमवर्कमध्ये वेगळ्या रूपात टिकून राहिली.

### स्प्रिंग आणि स्प्रिंग बूट

रॉड जॉन्सन यांच्या २००२ मधील पुस्तकातील आज्ञासंचातून स्प्रिंग फ्रेमवर्क आकाराला आले आणि त्याची १.० ही आवृत्ती मार्च २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर २००६ मधील २.० या आवृत्तीने एक्सएमएल कॉन्फिगरेशनमध्ये स्वतंत्र नामावकाश जोडण्याची सोय दिली. त्यासाठी विकासक एक्सएमएल स्कीमा लिहून नव्या घटकांचे व्याकरण ठरवीत असे आणि त्या घटकांचा अर्थ लावणारा 'नेमस्पेस हँडलर' हा क्लास पुरवीत असे. त्यांची नोंद 'मेटा-इन्फ' या निर्देशिकेतील ठरावीक नावाच्या फाइलींत केली जाई. स्प्रिंग सिक्युरिटी या प्रकल्पाने सुरक्षाविषयक कॉन्फिगरेशनसाठी याच मार्गाने स्वतःचा नामावकाश तयार केला.

डिसेंबर २००९ मधील ३.० या आवृत्तीत स्प्रिंगने 'कन्व्हर्टर' हा इंटरफेस आणला. एका प्रकाराचे मूल्य घेऊन दुसऱ्या प्रकाराचे मूल्य परत करणारी एकच पद्धत त्यात असते. कन्व्हर्टर स्वतःजवळ काहीही साठवत नसल्याने अनेक थ्रेडनी तो एकाच वेळी वापरला तरी धोका राहत नाही. प्रॉपर्टी एडिटरची मुख्य उणीव अशा रीतीने दूर झाली.

स्प्रिंग बूटची १.० ही आवृत्ती एप्रिल २०१४ मध्ये आली. तिच्यामुळे कॉन्फिगरेशनमधील एकाच उपसर्गाखालील मूल्यांचा समूह थेट एका जावा क्लासमध्ये बांधून घेणे (बाइंडिंग) रूढ झाले. मार्च २०१८ मधील २.० या आवृत्तीत ही बांधणीची यंत्रणा नव्याने लिहिली गेली.

### ड्रॉपविझार्ड आणि मायक्रोप्रोफाइल

यॅमर या कंपनीत विकसित झालेल्या ड्रॉपविझार्डमध्ये प्रत्येक उपयोजन 'कॉन्फिगरेशन' या मूळ क्लासचा स्वतःचा उपक्लास लिहिते. यामल फाइलमधील मजकूर जॅक्सन या लायब्ररीच्या साहाय्याने त्या उपक्लासमध्ये भरला जातो. म्हणजे येथे विस्तार ही अपवादात्मक सोय नसून कामाचा पहिलाच टप्पा आहे.

२०१७ मध्ये आलेल्या मायक्रोप्रोफाइल कॉन्फिग या विनिर्देशाने वेगवेगळ्या फ्रेमवर्कसाठी रूपांतराचा समान नियम ठरवून दिला. क्वार्कससह अनेक प्रणाली त्याचे पालन करतात. मायक्रोप्रोफाइलमधील कन्व्हर्टरची नोंद जावाच्या 'सर्व्हिसलोडर' या यंत्रणेद्वारे केली जाते. एकाच प्रकारासाठी अनेक कन्व्हर्टर असल्यास त्यांचा अग्रक्रम अंकाने ठरतो. अग्रक्रम दिला नसल्यास तो १०० मानला जातो. ज्या क्लासला अक्षरमाला घेणारा कन्स्ट्रक्टर किंवा 'ऑफ', 'व्हॅल्यूऑफ', 'पार्स' यांसारखी स्थिर पद्धत आहे, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लिहिण्याची गरजच पडत नाही.

## विस्ताराच्या पद्धती

### मूल्याचा नवा प्रकार

एका नोंदीतील मजकुराचे एका ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. वरील उदाहरणात पोत्याच्या वजनासाठी 'वजन' हा क्लास करता येतो. '४० किलो' किंवा '०.४ क्विंटल' असा मजकूर घेऊन तो एकाच एककात, उदाहरणार्थ ग्रॅममध्ये, साठवणारा कन्व्हर्टर त्यासाठी लिहावा लागतो. केवळ '४०' असे लिहिल्यास कन्व्हर्टरने ते नाकारणे अधिक श्रेयस्कर असते. झाडीपट्टीत धान मोजण्यासाठी खंडी, कुडव, पायली ही मापे परंपरेने प्रचलित आहेत. त्यांचे प्रमाण प्रदेशानुसार बदलत आल्याने असे माप स्वीकारायचे झाल्यास त्याचे किलोतील मूल्यही कॉन्फिगरेशनमध्ये स्पष्टपणे देणे आवश्यक ठरते.

स्प्रिंग बूटमध्ये कालावधी आणि माहितीचे आकारमान यांसाठी असे प्रकार तयार आहेत. कालावधीसोबत मिलिसेकंद, सेकंद, मिनिट इत्यादी एकके लिहिता येतात. एकक न दिल्यास कालावधी सामान्यतः मिलिसेकंदांत धरला जातो. परंतु वापरकर्त्याच्या सत्राची मुदत ठरवणाऱ्या नोंदीत तीच एककरहित संख्या सेकंदांत धरली जाते. एकाच फाइलमध्ये एका ठिकाणी '३०' म्हणजे ३० मिलिसेकंद आणि दुसऱ्या ठिकाणी ३० सेकंद असा अर्थ होऊ शकतो. म्हणून एकक नेहमी लिहिण्याचा संकेत पाळणे हितावह असते.

स्प्रिंग बूटमध्ये कॉन्फिगरेशनसाठीचा कन्व्हर्टर विशेष चिन्हांकनाने (ॲनोटेशनने) नोंदवावा लागतो. उपयोजनाचे बहुतेक घटक तयार होण्यापूर्वीच त्याची गरज पडते. त्यामुळे डेटाबेससारख्या अन्य घटकांवर कन्व्हर्टरने अवलंबून राहू नये, अशी अपेक्षा असते.

### मूल्यांचा समूह

काही संकल्पना एका मूल्यात मावत नाहीत. 'दर' या प्रकारात रक्कम, एकक, दर्जा आणि हंगाम असे चार घटक आहेत. अशा वेळी या घटकांचा एक क्लास करून कॉन्फिगरेशनमधील संपूर्ण गट त्यात बांधला जातो. स्प्रिंग बूटच्या ऑक्टोबर २०१९ मधील २.२ या आवृत्तीपासून ही बांधणी कन्स्ट्रक्टरद्वारेही करता येते. त्यामुळे एकदा तयार झालेला ऑब्जेक्ट पुढे बदलता येत नाही आणि उपयोजन चालू असताना दरात नकळत फेरफार होण्याची शक्यता उरत नाही.

समूहाची पडताळणी करण्यासाठी बीन व्हॅलिडेशन या प्रमाणित पद्धतीचा वापर होतो. रक्कम शून्याहून अधिक असावी, हंगाम रिकामा नसावा, असे नियम क्लासवरच चिन्हांकित केले जातात. नियम मोडल्यास उपयोजन सुरू होत नाही. स्प्रिंग बूट अशा वेळी चुकीच्या नोंदीचे नाव, तिचे मूल्य आणि शक्य असल्यास ती कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे हेही सांगते.

### पर्यायी उपप्रकार

कधीकधी एकाच जागी अनेक प्रकारांपैकी एकाची निवड करायची असते आणि निवडीनुसार पुढील घटक बदलतात. ड्रॉपविझार्डमध्ये नोंदवहीचे संदेश पडद्यावर, फाइलमध्ये किंवा दूरच्या नोंद-सर्व्हरवर पाठवता येतात. यामल फाइलमधील 'टाइप' या नोंदीवरून योग्य तो जावा क्लास निवडला जातो. फाइलसाठी तिचे नाव लागते. पडद्यासाठी लागत नाही.

नवा पर्याय जोडण्यासाठी विकासक मूळ इंटरफेसचा नवा क्लास लिहितो, त्याला 'जेसनटाइपनेम' या चिन्हांकनाने छोटे नाव देतो आणि 'मेटा-इन्फ' मधील सेवा-निर्देशिकेत त्याची नोंद करतो. ड्रॉपविझार्डमधील 'डिस्कव्हरेबल' या इंटरफेसमुळे असे क्लास उपयोजन सुरू होताना शोधले जातात. फ्रेमवर्कच्या मूळ आज्ञासंचाला हात न लावता त्रयस्थ लायब्ररीलाही नवा पर्याय पुरवता येतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

### नवा स्रोत

मूल्ये कोठून येतात, याचाही विस्तार करता येतो. स्प्रिंग बूटमध्ये नव्या स्वरूपाची फाइल वाचण्यासाठी 'प्रॉपर्टी सोर्स लोडर' लिहिता येतो. नोव्हेंबर २०२० मधील २.४ या आवृत्तीपासून दूरच्या सर्व्हरसारख्या ठिकाणांहून कॉन्फिगरेशन आणण्यासाठी स्वतंत्र इंटरफेस उपलब्ध आहेत. मायक्रोप्रोफाइलमध्ये या संकल्पनेला 'कॉन्फिग सोर्स' असे म्हणतात आणि प्रत्येक स्रोताला क्रमांक असतो. तीच नोंद दोन स्रोतांत आढळल्यास मोठ्या क्रमांकाच्या स्रोतातील मूल्य ग्राह्य धरले जाते.

## देवनागरी मजकूर आणि अंक

मराठीतून कॉन्फिगरेशन लिहिताना काही विशेष प्रश्न उद्भवतात. जावाच्या प्रॉपर्टीज फाइली मुळात पश्चिम युरोपीय अक्षरांच्या आयएसओ ८८५९-१ या संकेतनात वाचल्या जात. त्यात देवनागरी अक्षरे नसल्याने प्रत्येक अक्षराच्या जागी तिरकी रेघ, 'यू' हे इंग्रजी अक्षर आणि युनिकोडमधील चार अंकी क्रमांक लिहावा लागे. उदाहरणार्थ, 'अ' साठी ०९०५ हा क्रमांक आहे. सप्टेंबर २०१७ मधील जावा ९ पासून भाषांतराच्या संदेशांच्या प्रॉपर्टीज फाइली यूटीएफ-८ संकेतनात वाचल्या जाऊ लागल्या. ही सुधारणा संदेशांच्या फाइलींपुरती होती. बाइट-प्रवाहातून प्रॉपर्टीज वाचण्याची जुनी पद्धत तशीच राहिली. त्यामुळे देवनागरी मूल्यांसाठी यामल फाइल वापरणे किंवा संकेतन स्पष्टपणे देऊन फाइल वाचणे सोयीचे ठरते.

अंकांची स्थिती अधिक लक्षपूर्वक पाहावी लागते. जावातील पूर्णांक वाचण्याची प्रमाणित पद्धत युनिकोडमधील सर्व लिप्यांचे दशमान अंक ओळखते. म्हणून '२३००' हा देवनागरी मजकूर कोणत्याही विस्ताराविना पूर्णांकात रूपांतरित होतो. रकमेसाठी वापरला जाणारा 'बिगडेसिमल' हा प्रकारही देवनागरी अंक स्वीकारतो. 'डबल' हा अपूर्णांकाचा प्रकार मात्र ते स्वीकारत नाही. तसेच स्प्रिंग बूट कालावधी ओळखण्यासाठी जो नमुना वापरते, त्यात केवळ ० ते ९ हे आंतरराष्ट्रीय अंकच बसतात. परिणामी एकाच फाइलमधील एक देवनागरी संख्या चालते आणि दुसरी नाकारली जाते. देवनागरी अंक फाइलमध्ये नकळतही येऊ शकतात, कारण जावा ९ पासून मराठी लोकेलनुसार संख्या छापल्यास त्या देवनागरी अंकांतच छापल्या जातात. यावर उपाय म्हणून स्वतःच्या कन्व्हर्टरमध्ये प्रथम सर्व अंक एका लिपीत आणून मगच पुढील अर्थ लावला जातो. '२,३००' असा स्वल्पविराम असलेला मजकूर या प्रमाणित पद्धतींपैकी कोणतीही स्वीकारत नाही.

अक्षरांच्या बाबतीत 'ऱ' हे उदाहरण महत्त्वाचे आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकाने किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते भिन्न वाटतात. जावातील 'नॉर्मलायझर' हा क्लास दोन्हींना एकरूप करतो.

स्थळनामांच्या लेखनातील विविधता हाही असाच प्रश्न आहे. अर्जुनी मोरगाव हे नाव जोडरेघ घालून, तिरकी रेघ घालून किंवा 'मोरगाव अर्जुनी' असे शब्दक्रम बदलूनही लिहिले जाते. त्याच जिल्ह्यात सडक अर्जुनी हा दुसरा तालुका आहे. 'केंद्र' हा प्रकार तयार करताना पहिल्या गावाची सर्व रूपे एकाच केंद्राकडे नेणे योग्य ठरते. पण नुसते 'अर्जुनी' असे लिहिलेले असल्यास अंदाज न बांधता ती नोंद नाकारणे आवश्यक असते. अंदाज चुकल्यास एका तालुक्यातील शेतकऱ्यांच्या नोंदी दुसऱ्या तालुक्याच्या नावावर जमा होतील.

कॉन्फिगरेशनमधील नोंदींची नावे मात्र देवनागरीत ठेवण्यावर मर्यादा आहेत. स्प्रिंग बूटमध्ये या नावांसाठी छोटी इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांचाच वापर अपेक्षित असतो. नाव-मूल्य जोड्यांच्या कोशातील नाव अन्य अक्षरांत असल्यास ते चौकटी कंसात लिहावे लागते. अन्यथा ती अक्षरे गाळली जातात.

## सुरक्षितता

प्रकारांचा विस्तार करताना कोणता प्रकार निर्माण होईल हे कोणी ठरवायचे, हा कळीचा प्रश्न असतो. कॉन्फिगरेशनमधील मजकुरालाच कोणत्याही जावा क्लासचे नाव घेऊन त्याचा ऑब्जेक्ट तयार करण्याची मुभा दिली, तर तो मजकूर लिहू शकणारी व्यक्ती उपयोजनाकडून अनपेक्षित कामे करवून घेऊ शकते.

यामल वाचण्यासाठी जावामध्ये मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या स्नेकयामल या लायब्ररीत असा दोष होता. यामलमध्ये एका विशेष खुणेने क्लासचे नाव लिहिता येते आणि लायब्ररी डीफॉल्ट स्थितीत तो क्लास निर्माण करीत असे. अविश्वासू स्रोतातील यामल वाचल्यास त्यातून घातक आज्ञा चालवल्या जाण्याचा धोका होता. २०२२ मध्ये या दोषाला सीव्हीई-२०२२-१४७१ हा क्रमांक मिळाला. २०२३ मधील २.० या आवृत्तीत अशा खुणा डीफॉल्ट स्थितीत नाकारल्या जाऊ लागल्या.

मार्च २०२२ च्या अखेरीस उघड झालेला 'स्प्रिंग४शेल' हा दोष (सीव्हीई-२०२२-२२९६५) बांधणीच्या यंत्रणेशी निगडित होता. त्यात कॉन्फिगरेशन फाइलऐवजी वेब विनंतीतील मूल्ये ऑब्जेक्टमध्ये बांधली जात होती. जावा ९ किंवा त्यापुढील आवृत्तीवर, टॉमकॅट सर्व्हरमध्ये विशिष्ट रीतीने बसवलेल्या उपयोजनात गुणधर्मांच्या साखळीतून क्लासलोडरपर्यंत पोहोचता येत असे. तेथून सर्व्हरच्या नोंदवहीचे कॉन्फिगरेशन बदलून सर्व्हरवर घातक फाइल लिहिणे शक्य होते. स्प्रिंग ५.३.१८ आणि ५.२.२० या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला.

या दोन्ही घटनांवरून एक समान नियम निघतो. विस्तारासाठी मान्य प्रकारांची बंदिस्त यादी असावी आणि कॉन्फिगरेशनमधील मजकुराला त्या यादीतील छोट्या नावांपैकी एकाची निवड करण्यापुरताच अधिकार असावा. ड्रॉपविझार्डमधील 'टाइप' या नोंदीची रचना या नियमाला अनुसरून आहे. फाइलमध्ये पर्यायाचे नाव येते. त्या नावामागील क्लास मात्र आधीच, आज्ञासंचात नोंदवलेला असतो.

## मर्यादा

प्रत्येक नवा प्रकार शिकण्याचा व सांभाळण्याचा भार वाढवतो. ज्या मूल्यात चूक झाल्यास फारसे बिघडत नाही, उदाहरणार्थ पानाचे शीर्षक, त्यासाठी साधी अक्षरमाला पुरेशी असते. प्रकारांची भर घातल्यावर त्यांचे दस्तऐवजीकरणही आवश्यक असते. स्प्रिंग बूटमध्ये क्लासवरून माहितीची एक जेसन फाइल आपोआप तयार करता येते. संपादन-साधने तिच्या आधारे नोंदींची नावे सुचवतात.

फ्रेमवर्कच्या आवृत्ती बदलल्यावर विस्तार निकामी होण्याची शक्यताही असते. डिसेंबर २०२० मधील जकार्ता ईई ९ मध्ये अनेक पॅकेजांच्या नावांतील 'जावाएक्स' हा आरंभीचा शब्द बदलून 'जकार्ता' करण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मधील स्प्रिंग बूट ३.० ने हा बदल स्वीकारला. त्यामुळे पडताळणीची जुनी चिन्हांकने वापरणारे प्रकार नव्याने लिहावे लागले. स्वयं-कॉन्फिगरेशनची नोंद पूर्वी ज्या फाइलमध्ये होत असे, तिच्यातील अशा नोंदींचा आधारही याच आवृत्तीत काढून टाकण्यात आला. क्षेत्रातील नियम सांगणारा क्लास, जसे की 'दर' किंवा 'वजन', फ्रेमवर्कपासून स्वतंत्र ठेवून केवळ कन्व्हर्टर फ्रेमवर्कशी जोडल्यास असे स्थलांतर सुलभ होते.

प्रकार कितीही काटेकोर असला तरी तो मूल्याच्या सत्यतेची हमी देऊ शकत नाही. २०२४-२५ हा हंगाम आणि क्विंटल हे एकक अचूक लिहून रक्कम मात्र २३०० ऐवजी २३२० लिहिली, तर ती 'अ' दर्जाच्या भावाइतकी असल्याने कोणत्याही वाजवी मर्यादेत बसेल. अशी चूक पकडण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीने फाइल तपासणे आणि उपयोजन सुरू होताना लागू झालेले दर स्पष्टपणे नोंदवहीत व पडद्यावर दाखवणे, हे उपाय प्रकारांच्या जोडीला ठेवावे लागतात.